उन्हाला छपरावरच अडवा

पत्र थोडक्यात: रत्नागिरी जिल्ह्यातल्या, समुद्राजवळच्या एका गावातून एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. वय ४४. घराचे दोन भाग. पुढचा भाग सासऱ्यांच्या वेळचा, जांभ्या दगडाचा आणि मंगलोरी कौलांचा. त्यात ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि तीन बाजूंनी पडवी. मागे आठ वर्षांपूर्वी वाढवलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या आणि संडास-बाथरूम. मिस्टर मुंबईला नोकरीला. गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात घरी येतात. एरवी घरात त्या, शाळकरी मुलगा आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. स्लॅबच्या खोल्या मार्चपासून तापतात, रात्री उशिरापर्यंत पंख्याखालीही बसवत नाही, वारा येतो पण थांबतो. गेल्या वर्षी एका खोलीत एसी घेतला. बिल वाढलं, पण एसी बंद केला की अर्ध्या तासात खोली पुन्हा गरम. सासूबाई नव्या खोलीत झोपायला तयार नाहीत, माजघर सोडत नाहीत. मिस्टर म्हणतात, साठवलेल्या पैशांत थोडं कर्ज घालून पुढची कौलंही उतरवू आणि सगळ्यावर स्लॅब घालू, "एकदाची कटकट मिटेल". कंत्राटदाराचा सल्ला वेगळाच: सगळीकडे थर्मोकोल लावून पीओपीचं फॉल्स सीलिंग, हवाबंद स्लायडिंग खिडक्या आणि आणखी दोन एसी. ताईंनी परदेशातल्या घरांचे व्हिडिओ पाहिले आहेत, त्यात भिंतींत लोकर भरून अख्खं घर बंद करतात. त्या विचारतात, "आपणही घर असं इन्सुलेट करावं का? की मी आणि सासूबाई उगाच जुन्याला धरून बसलोय?"

प्रिय ताई,

सासूबाई माजघर सोडत नाहीत, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगाची माहिती मला तीच वाटली. त्या वयात शरीराला उकाडा झेपत नाही, घाम कमी येतो, तहान लागलेली लवकर कळत नाही. अशा माणसानं घरातली सगळ्यात सोसवणारी जागा शोधून तिथे अंथरूण टाकलंय. घर कुठे तापतं आणि कुठे नाही, याची पाहणी त्यांनी करून ठेवली आहे. आपण फक्त त्यामागची कारणं बघू.

आधी त्या व्हिडिओंबद्दल. ती घरं थंड देशांतली. बाहेर शून्याखाली दहा अंश आणि आत वीस, म्हणजे भिंतीच्या दोन बाजूंत तीस अंशांचा फरक, तोही महिनोन्‌महिने. तिथे भिंतीत लोकर भरली, दारा-खिडक्यांच्या फटी बुजवल्या की आतली ऊब आत राहते. इन्सुलेशनचं काम तेवढंच: उष्णतेची वाट अवघड करणं. ते स्वतः गारवा तयार करत नाही. आता आपल्याकडचं बघा. एप्रिलच्या दुपारी बाहेर ३३-३४ अंश, सावलीतल्या खोलीत ३१-३२, आणि खिडक्या उघड्या. अशा खोलीच्या भिंतीत लोकर भरून अडवायचं तरी काय? शिवाय आपला त्रास निम्मा उकाड्याचा आणि निम्मा दमटपणाचा. घाम येतो पण वाळत नाही. तो वाळवायला अंगावरून वारा जावा लागतो, आणि नेमका तोच वारा हवाबंद घर अडवून ठेवतं.

म्हणून इन्सुलेशन आपल्याला नको असं मात्र नाही. फरक जिथे मोठा, तिथे ते हवंच. तुमच्या घरात असा मोठा फरक एकाच ठिकाणी आहे, डोक्यावर. मे महिन्यात रत्नागिरीत एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य थेट माथ्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याच्या मागचे-पुढचे कितीतरी आठवडे भिंतींवर ऊन तिरपं, थोडा वेळ पडतं. छपरावर मात्र सकाळी नऊपासून चारपर्यंत सरळ ओतलं जातं. उघड्या, शेवाळानं काळपटलेल्या स्लॅबचा वरचा थर अशा वेळी पन्नास अंश सहज ओलांडतो. काँक्रीट ही उष्णता पिऊन ठेवतं आणि काही तासांनी खालच्या अंगाला सोडतं. म्हणून तुमची खोली दुपारी दोनपेक्षा रात्री आठ-नऊला जास्त छळते. चूल विझल्यावरही तवा कितीतरी वेळ तापलेला असतो, तसा तो स्लॅब रात्रभर तुमच्या डोक्यावर असतो. पंखा छताला चिकटलेली तीच गरम हवा खाली ढकलतो. आणि एसी? तो खोलीतली हवा गार करतो, पण वरचा स्लॅब ती पुन्हा तापवतो, म्हणून बंद केल्यावर अर्ध्या तासात सगळं पूर्ववत. तुमच्या एसीत बिघाड असेल असं मला वाटत नाही. दिवसभराचं ऊन उपसण्याचं काम त्याला रात्री लावलंय, एवढंच.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, घरीच ताडून बघा. साधे दोन थर्मामीटर आणा, एक माजघरात आणि एक स्लॅबच्या खोलीत, दोन्ही डोक्याच्या उंचीवर, भिंतीपासून जरा सुटे टांगा. आठवडाभर दुपारी तीन, रात्री नऊ आणि पहाटे पाच अशा तीन वेळा आकडा लिहा. मुलाला हे काम द्या, आनंदानं करेल. कोरोनाच्या काळात घेतलेला, कपाळासमोर धरायचा थर्मामीटर घरात पडून असेल तर त्यात वस्तूचं तापमान मोजायची सोय आहे का बघा, पुष्कळांत असते. तो स्लॅबच्या खालच्या अंगाकडे धरा, मग पश्चिमेच्या भिंतीकडे, मग माजघराच्या माळ्याकडे. कुठला पृष्ठभाग तुमच्या अंगापेक्षा गरम आहे ते दिसेल. आपली त्वचा साधारण ३३-३४ अंशांची असते. छत त्याहून गरम असेल तर ते तुम्हाला तापवतंय, मग खोलीतली हवा कितीही हलो. पैसे खर्च करण्याआधी हा कागद हातात असू द्या. मिस्टरांशी बोलतानाही तो कामाला येईल, कारण "मला वाटतं" यापेक्षा आकड्याशी वाद घालणं अवघड असतं.

आता स्लॅबचं काय करायचं. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण असंच विचारणारी पत्रं दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडून येतात.

सगळ्यात स्वस्त उपाय पांढरा रंग. शिमगा आटोपला की गच्ची घासून, शेवाळ काढून, नीट सुकवून पांढरी करा. चुना चालतो. त्यात चिकटपणासाठी बांधकामाचा डिंक घालतात, तरी आपल्या पावसापुढे तो टिकत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसात एका मोसमात धुऊन जातो, म्हणून दर वर्षी पुन्हा. दुकानात मिळणारे उष्णता परावर्तित करणारे रंग महाग, पण काही वर्षं राहतात, आणि त्यातले रबरासारखे ताणणारे प्रकार बारीक भेगांतली गळतीही अडवतात. कोणताही घ्या, एक गोष्ट विसरू नका: पांढऱ्याचा गुण पांढरं असेपर्यंतच. आपल्याकडे पावसाळ्यानंतर गच्ची हिरवी-काळी होतेच. दर फाल्गुनात घासायची तयारी नसेल तर रंगाचे पैसे वाया. ज्यांना गच्ची वापरायची आहे त्यांनी फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक करून घ्यावं. ते पुष्कळ वर्षं टिकतं आणि पाणीही वाहून नेतं.

दुसरा उपाय खरं इन्सुलेशन, पण स्लॅबच्या वरून. आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस नावाचा दाबून केलेला, पाणी न शोषणारा फोमचा फळा, त्यावर उतार काढलेला कोबा आणि वर पांढऱ्या टाइल्स. पन्नास मिलिमीटरचा फळा नीट बसवला तर स्लॅबमधून आत येणारी उष्णता साधारण पाचव्या हिश्श्यावर येते. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं २०१८ मध्ये घरांसाठी जी इको निवास संहिता काढली, तिनं छताला घालून दिलेल्या मर्यादेच्या अडीच-तीन पट उष्णता उघडा स्लॅब आत सोडतो. हा थर घातला की तो मर्यादेच्या बराच खाली येतो. मात्र कोब्याचं वजन वाढतं, म्हणून आधी इंजिनिअरला स्लॅब दाखवायचा. आणि गळणाऱ्या स्लॅबवर हे कधीही करायचं नाही. पाणी फळ्याखाली शिरलं तर गळती कुठून होतेय ते शोधायला पुन्हा सगळं फोडावं लागतं.

तिसरा उपाय तुम्हाला गावात जागोजाग दिसत असेल: गच्चीवर पत्र्याची शेड. लोक ती पावसासाठी घालतात, पण उन्हासाठी ती तितकीच गुणाची आहे. ऊन पत्र्यावर पडतं, पत्रा तापतो, खालून वाहणारा वारा ती उष्णता घेऊन जातो आणि स्लॅबवर दिवसभर सावली. इथे इन्सुलेशनचं काम फुकटची हवा करते. अट एकच, बाजू उघड्या हव्यात. पुष्कळ जण पहिल्या वर्षी शेड घालतात, दुसऱ्या वर्षी झड येते म्हणून चारी बाजूंनी पत्रे मारतात आणि वर एक भट्टी तयार करतात. झडीसाठी पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला पत्रा थोडा खाली उतरवा, फार तर जाळी लावा. पत्रा पांढरा किंवा फिका घ्या. गडद निळा-लाल दिसायला छान, पण ऊन गिळतो.

तुमच्या घरासाठी मी हाच तिसरा उपाय निवडेन, आणि शेड होईपर्यंत यंदा पांढरा रंग. दोन खोल्यांचीच गच्ची आहे, खर्च आवाक्यात राहील. वर पावसाळ्यात कपडे वाळतील, लाकडं-शेण्या कोरड्या राहतील, आणि आठ वर्षांचा स्लॅब गळायला लागण्याआधीच झाकला जाईल. पण शेड बांधताना वाऱ्याला हलक्यात घेऊ नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात किती घरांची छपरं गेली ते आपण पाहिलंय. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. शेडचे खांब गच्चीच्या फरशीत नुसते रोवायचे नाहीत, खालच्या कॉलम-बीमशी प्लेट आणि बोल्टनं जोडायचे. पत्र्याच्या कडांना आणि कोपऱ्यांना स्क्रू जास्त लागतात, कारण वारा छप्पर उचलतो तो कडेपासून. स्क्रू गंज न धरणारे मागा. खाऱ्या हवेत साधे स्क्रू बघता बघता जातात आणि पत्रा शाबूत राहून छप्पर सैल होतं. ग्रामपंचायतीत परवानगीचं विचारून घ्या.

कंत्राटदाराचं थर्मोकोल आणि फॉल्स सीलिंग मला का नको वाटतं, तेही सांगते. ते स्लॅबच्या खालून लागतं. स्लॅब वर तापतच राहतो, आपण फक्त त्याच्याकडे पाठ करतो. थोडा फरक पडतो, नाही असं नाही, पण त्या बदल्यात खोलीची उंची कमी होते, पंखा खाली येतो आणि वर एक बंद पोकळी तयार होते. आपल्या हवेत बंद पोकळी म्हणजे बुरशी, पाली, उंदीर. एसी चालू असलेल्या खोलीत बाहेरची दमट हवा फटींतून त्या पोकळीत शिरते आणि गार पृष्ठभागावर तिचं पाणी होतं. पीओपीवर पिवळे डाग पडतात ते कित्येकदा याचे असतात, गळतीचे नव्हे. खरी गळती झालीच तर तीही महिनोन्‌महिने कळत नाही. आणि थर्मोकोल पेटतं, काळा विषारी धूर करतं; त्यातून वायरी नेणं धोक्याचं आहे. ज्यांची छपरं नुसत्या पत्र्याची आहेत आणि वरून काही करणं शक्य नाही, त्यांना आतून काहीतरी लावावंच लागतं. त्यांनी पत्र्यापासून वीतभर खाली बांबूच्या तट्ट्यांचं किंवा हलक्या फळ्यांचं छत करावं आणि मधली हवा दोन्ही टोकांना जाळीतून बाहेर जाऊ द्यावी. चकचकीत फॉइलची बबल शीट लावत असाल तर तिच्या चकचकीत बाजूसमोर हवेची मोकळी जागा राहिलीच पाहिजे. दोन्हीकडून चिकटवली तर तिचा बहुतेक गुण जातो.

आता खिडक्या. हवाबंद स्लायडिंग खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, तुमची जुनी दोन पाखांची लाकडी खिडकी पूर्ण उघडते. दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा ही किनाऱ्यावरच्या माणसाची मोठी मिळकत आहे. पुण्या-सोलापूरच्या लोकांना ती नाही. स्लॅबच्या खोलीत वारा येतो पण थांबतो, असं तुम्ही लिहिलंय. समोरच्या भिंतीत त्याला बाहेर जायला वाट आहे का? नसेल तर दाराच्या वर झडप किंवा जाळी काढा, गवंड्याचं एका दिवसाचं काम. अडचण एवढीच की पश्चिमेच्या ज्या खिडकीतून वारा येतो तिथूनच चारनंतरचं ऊन येतं. म्हणून खिडकी बंद न करता तिला बाहेरून सावली करा: छज्जा वाढवा, बांबूची चिक किंवा झाप बाहेर टांगा. पावसाळ्यात झडीसाठी पडवीला झाप बांधायची रीत आहेच, ते मार्चमध्येच बांधले तर उन्हालाही चालतात. आतला पडदा हे काम करू शकत नाही. ऊन काचेतून आत आल्यावर पडद्यानं अडवलं तरी उष्णता खोलीतच राहते.

याला एक अपवाद आहे. मार्चमध्ये काही दिवस पूर्वेकडून घाटावरचा कोरडा वारा सुटतो, समुद्रावरचा वारा उशिरा येतो आणि रत्नागिरीतही पारा ३८च्या पुढे जातो. किनाऱ्यावर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त झालं की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. अशा दिवशी सकाळी दहाला दारं-खिडक्या लावून घ्या, संध्याकाळी उघडा, आणि सासूबाईंना तासातासानं पाणी, सरबत, पेज देत राहा. त्या दिवशी माजघरासारखी खोली घरात दुसरी नाही.

एसी काढून टाका असं मी म्हणणार नाही. मुलाच्या परीक्षा, तुमची झोप, सगळं महत्त्वाचं आहे. पण एसीची एकच खोली ठेवा आणि ती मात्र खरोखर हवाबंद करा. इथे कंत्राटदाराचं बरोबर आहे, फक्त अख्ख्या घराला ते लावू नका. दाराखाली रबराची पट्टी, खिडकीच्या चौकटीला फोमची पट्टी, एसीच्या पाइपाभोवतीचं भोक नीट बुजवलेलं. दमट हवा आत झिरपत राहिली की एसीची मोठी ताकद तिच्यातलं पाणी काढण्यात जाते. १ जानेवारी २०२० पासून स्टार असलेले नवे एसी चालू करताच २४ अंशांवर येतात. तिथून खाली नेऊ नका. एक अंश वर ठेवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा ब्यूरो सांगतं. २६ वर ठेवून सोबत पंखा लावला तर रात्र चांगली जाते. बाहेरचं युनिट समुद्राच्या थेट वाऱ्यापासून आडोशाला, पण कोंडलेलं नको, आणि मिठाचा थर धुवायला मधूनमधून साध्या पाण्याचा हलका फवारा मारा. शेड झाल्यावर हाच एसी कमी वेळ चालून पुरतोय असं तुम्हाला दिसेल. आणि महावितरणच्या दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर दर चढतो, म्हणजे वाचणारं युनिट तुमच्या बिलातलं सगळ्यात महाग युनिट असतं.

आता कौलांकडे आणि मिस्टरांकडे वळू.

तुम्ही दोघी जुन्याला धरून बसलाय, असं मला वाटत नाही. पण मिस्टर नव्याच्या मागे लागलेत असंही मला वाटत नाही. "कटकट" हा शब्द तुम्ही त्यांचा म्हणून लिहिलाय, त्याच्या आत काय आहे ते विचारलंत का? माझा अंदाज सांगते. वर्षाची रजा घेऊन माणूस मे महिन्यात गावी येतो आणि ती रजा शाकारणीत जाते. कौलं परतणारी माणसं मिळत नाहीत, मिळाली तर आज येतो म्हणून चार दिवसांनी येतात. माकडांची टोळी एका सकाळी पन्नास कौलं फोडून जाते. मग ऐन पावसात तुमचा मुंबईला फोन जातो, की माजघरात गळतंय, आणि तिथे बसून त्यांना काही करता येत नाही. हे खरं दुखणं आहे. त्यावर "कौलं गार असतात" हे उत्तर होत नाही.

पण स्लॅब हेही त्याचं उत्तर नाही, आणि तिथे ऊन-उकाड्याच्याही आधी वजनाचा प्रश्न येतो. मंगलोरी कौलांचं छप्पर वासे-रिपांसकट चौरस मीटरला साधारण पन्नास-सत्तर किलो भरतं. पाच इंची स्लॅब तीनशे किलोच्या वर. सासऱ्यांच्या वेळच्या जांभ्याच्या भिंती पुष्कळदा मातीत बांधलेल्या असतात. त्यांच्यावर स्लॅब टाकायचा तर आधी कॉलम-बीमचा सांगाडा उभा करावा लागतो, म्हणजे जवळजवळ नवं घर. हा खर्च कंत्राटदाराच्या अंदाजात आहे का, ते लेखी मागा.

मधला रस्ता आहे आणि तो आपल्याकडे आता रुळलाय. कौलं उतरवा, वासे तपासा, कुजलेले बदला, त्यावर फिका पत्रा घाला आणि पत्र्यावर रीप मारून तीच कौलं पुन्हा चढवा. माकडानं कौल फोडलं तरी खालचा पत्रा पाणी घेतो, आत गळत नाही, फुटकं कौल सवडीनं बदला. उन्हात कौल तापतं, पत्र्याला सावली मिळते, मध्ये हवा खेळते. फक्त एक ध्यानात ठेवा. जुन्या छपरातली गरम हवा कौलांच्या फटींतून निसटत होती, पत्र्यानं ती वाट बंद होते. म्हणून आढ्यापाशी फट ठेवून तिला जाळी लावायची, आणि तिकडच्या त्रिकोणी भिंतीत झरोका असेल तर तो बुजवायचा नाही. माळा तर मुळीच काढू नका. माजघर गार आहे ते भिंतींइतकंच त्या माळ्यामुळे: वर कौल तापतं, मध्ये हवा, मग लाकडी माळा, मग खोली. आणि भिंतींना पडवीची सावली. तुमच्या घरात इन्सुलेशन आधीपासून आहे, ते कुणी त्या नावानं ओळखलं नाही.

आपण ज्याला जुनं म्हणतो ते मंगलोरी कौलही एकदा नवंच होतं. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला. त्याआधी आपल्याकडे गवताची आणि हाती केलेल्या नळ्यांची छपरं होती. घर बदलणं यात घराण्याचा अपमान नाही, हे सासूबाईंना सांगायला तुम्हाला उपयोगी पडेल. आणि गावात स्लॅबचं घर म्हणजे पुढे गेलेलं घर ही जी समजूत आहे, ती मिस्टरांच्या मनात कितपत आहे, तेही हळूच बघा. त्यांना घर दिसतं ते बहुधा गणपतीत, वीस माणसं, ओटीवर भजन, पाऊस. तुम्ही त्यात एप्रिलच्या रात्री काढता. वर्षभर राहणाऱ्या दोन बायकांचं मत या घराबाबत जास्त मोजलं जावं असं मला मनापासून वाटतं, आणि हे तुम्ही भांडण न करता, त्या थर्मामीटरच्या कागदासकट बोलू शकता. "स्लॅब नको" असं सुरू करू नका. "तुमची रजा दर वर्षी छपरात जाते, ती वाचवू" असं सुरू करा.

एक शक्यता त्यांना आवडेल अशी आहे. गच्चीवर शेड घालणारच असाल तर तिच्या दक्षिणेच्या उतारावर सौर पॅनेल बसतील एवढी ताकद सांगाड्यात आत्ताच ठेवा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. पण ते पुढच्या वर्षी. आधी गरज कमी करा, मग लहान संच पुरेल.

कामांचा क्रम असा धरा. या महिन्यात गच्ची घासून पांढरी, खिडक्यांना बाहेरून सावली, एसीच्या खोलीच्या फटी बंद. मिस्टर मे महिन्यात आले की शेड, आणि ती पावसाआधी पुरी व्हायची तर लोखंड आणि पत्र्यांची मागणी एप्रिलमध्येच द्यावी लागेल, मेच्या शेवटी वेल्डर कुणालाच मिळत नाही. कौलांखालचा पत्रा दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण उघडल्यावर. एका वर्षी माजघर, पुढच्या वर्षी पडवी असं केलं तर कर्ज लागणार नाही. आणि आज-उद्यातच करता येईल असं एक काम: साधा छताचा पंखा सत्तर-ऐंशी वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा तीस-पस्तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतो आणि इन्व्हर्टरवरही जास्त वेळ चालतो. घरात दोन आणा. पहिला माजघरात बसवा.